लाच द्यावी लागलेल्या माणसाला साक्ष देऊ द्या : महाराष्ट्रातल्या सगळ्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले ४८ आणि राज्यसभेत गेलेले १९ खासदार यांस,

नमस्कार.

हे पत्र नाव न घालता लिहितेय त्याबद्दल आधी माफी मागते. गावाचं, तालुक्याचं, कार्यालयाचं नावही लिहीत नाही. का, ते पुढे वाचलं की तुमच्या लक्षात येईल.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझे वडील गेले. पावणेदोन एकर कोरडवाहू जमीन, सातबारा त्यांच्या एकट्याच्या नावावर. दिवसकार्य उरकलं तसं सगळे सांगायला लागले की आधी वारसनोंद करून घ्या, सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय सोसायटीचं पीककर्ज मिळायचं नाही आणि पेरणी तर तोंडावर आलीय. मी पुण्यात नोकरीला, भाऊ अजून शिकतोय, त्यामुळे सगळे हेलपाटे आईनेच घातले. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, सगळं जोडून तिनं अर्ज दिला. काम तसं सरळ आहे, वारस रजिस्टरला नोंद घ्यायची, फेरफार लिहायचा, नोटीस काढायची आणि १५ दिवसांत कुणाची हरकत आली नाही की सर्कलनं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यानं, सही करून नोंद प्रमाणित करायची. आमच्यात हरकत घेणारं कुणीही नव्हतं. तरी पाच आठवडे अर्ज जागचा हलला नाही. चौथ्या खेपेला तिथं टेबलाशी बसणारा पोरगा, जो सरकारी नोकर नाहीच, आमच्याकडे ज्याला झिरो तलाठी म्हणतात, तो म्हणाला, काकू, वरपर्यंत बघावं लागतं, पाच हजार होतील.

आईनं दोन हजार जमवले. पाचशेच्या चार नोटा वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्समध्ये घडी घालून ठेवल्या आणि तलाठी भाऊसाहेबांपुढे धरल्या. त्यांनी हात लावला नाही, नुसतं मानेनं दाखवलं, तिथं रजिस्टरखाली सरकवा. पुढे पंधरा दिवसांनी आणखी दीड हजार दिले, तशाच पद्धतीनं, आणि मग नोंद झाली. आई आजही मध्येच एखाद्या रात्री म्हणते, तुझ्या बापाच्या मरणाच्या कागदात मी पैसे गुंडाळून दिले गं.

श्रावण संपता संपता तोच माणूस पकडला गेला. आमच्या भावकीतल्या एका काकांनी एसीबीकडे, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार केली, सापळा लागला, पंच आले, नोटांना पावडर लावून झाली आणि भाऊसाहेब रंगेहाथ सापडले. दोन दिवसांनी तपासाचे लोक गावात विचारत फिरले, अजून कुणाकडून घेतलेत का, सांगा, जबाब द्या. आमच्या एका गल्लीत पैसे दिलेली सात घरं मला माहीत आहेत. कुणीही तोंड उघडलं नाही. आई मात्र उघडणार होती, तिला त्या नोटा जाळत होत्या. मीच तिला म्हटलं, आधी वकिलांना विचारू.

वकिलांनी विचारलं, पैसे कधी दिले? आई म्हणाली, पहिले मृगात दिले, दुसरे आर्द्रात. तिचा सगळा हिशोब नक्षत्रांवर चालतो. वकिलांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले आणि म्हणाले, मावशी, कायद्यात सात दिवस दिलेत. तुम्हाला होऊन गेले दोन महिने. आता तुम्ही जबाब दिलात तर तो त्याच्याविरुद्ध पुरावा होईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्याविरुद्ध मात्र कबुली होऊ शकते. घरी जा आणि गप्प बसा.

ती गप्प बसली, मीही बसले. नाव न लिहिण्याचं कारण हेच आहे, कारण ही पानं म्हणजे माझ्या आईची कबुलीच आहे.

त्यानंतर मी जमेल तसा कायदा वाचला. मी वकील नाही, सहकारी पतसंस्थेत अकाउंटंट आहे, पण आकडे आणि तारखा मला कळतात. म्हणून तुम्हाला तारखांनिशीच सांगते.

लाच देणं आधीही गुन्हाच होता, कलम १२ खाली, लाच घेणाऱ्याच्या गुन्ह्याला मदत केली म्हणून. पण १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक कलम २४ होतं. ते साध्या भाषेत असं म्हणत होतं की सरकारी नोकराविरुद्धच्या कारवाईत एखाद्यानं सांगितलं, मी याला पैसे दिले किंवा द्यायचं कबूल केलं, तर त्या सांगण्यावरून त्या माणसावर कलम १२ चा खटला भरता येणार नाही. म्हणजे तू खरं बोल, तुझं बोलणं तुझ्यावर उलटणार नाही, एवढा शब्द संसदेनं लोकांना दिला होता. तीस वर्षं तो शब्द कायद्यात होता. जुलै २०१८ मध्ये दुरुस्ती विधेयक आधी राज्यसभेत, मग लोकसभेत मंजूर झालं, २६ जुलै २०१८ ला लागू झालं आणि त्यात कलम २४ काढून टाकलं गेलं. तुमच्यापैकी काही जण तेव्हाही सभागृहात होते.

बदल्यात काय आलं? नवं कलम ८. लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याला जोडून एक सवलत आहे की सक्तीनं द्यावी लागली असेल तर हे कलम लागू नाही, पण अशा माणसानं पैसे दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. आणि सात दिवसांत नाही कळवलं तर काय? ते तिथं स्पष्ट लिहिलेलं नाही. न लिहिल्यामुळे कुठलाही सावध वकील माणसाला गप्प बसायचाच सल्ला देणार, आमच्या वकिलांना मी दोष देत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली म्हणजे हे सात दिवस. लाच देणारा माणूस सातव्या दिवशीही अडकलेलाच असतो हो. आईनं मृगात पैसे दिले तेव्हा नोंद व्हायची होती, सर्कलची सही व्हायची होती, पेरणी डोक्यावर, सोसायटीत कर्जाची फाईल. त्या सात दिवसांत तिनं तक्रार केली असती तर नोंद कुणी केली असती? ज्याच्या हातात तिचा कागद त्याच्याविरुद्धच तिनं बोलायचं, आणि तेही कागद त्याच्याच हातात असताना. माणूस बोलायला मोकळा होतो तो काम झाल्यावर, किंवा तो अधिकारी बदलून गेल्यावर, किंवा दुसऱ्या कुणीतरी त्याला पकडून दिल्यावर. आणि नेमकं तेव्हा कायदा म्हणतो, आता उशीर झाला. शिवाय या सात दिवसांबद्दल कुणाला माहिती आहे? आमच्याकडच्या कार्यालयात भिंतीवर पाटी आहे, लाच देणे व घेणे हा गुन्हा आहे. आई सातवी शिकलेली आहे, तिला ती पाटी वाचता येते. त्या पाटीवर सात दिवस लिहिलेले नाहीत, सक्तीनं दिली तर गुन्हा नाही हेही लिहिलेलं नाही. तिला त्यातून एकच कळलं, की आता आपण आणि ते भाऊसाहेब सारखेच.

दुसरी तक्रार याच्याहून मोठी आहे. घेणाऱ्याला सगळ्यात मोठं संरक्षण कोण देतं? देणाऱ्याची भीती. लाचेचा व्यवहार बंद दाराआड होतो, पावती नसते, साक्षीदार दोघंच असतात, त्यातला एक आरोपी आणि दुसरा पैसे दिलेला माणूस. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं १५ डिसेंबर २०२२ ला नीरज दत्ता खटल्यात सांगितलं की लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध व्हायलाच हवा, मात्र तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी इतर पुराव्यावरून, परिस्थितीवरून तो सिद्ध करता येतो. चांगला निकाल आहे, पण हा प्रश्न पाच न्यायाधीशांपर्यंत जावा लागला यातच आलं, की तक्रारदार फितूर होणं किती नेहमीचं झालंय आणि सगळी केस त्या एका माणसाच्या तोंडावर कशी टांगलेली असते. त्या माणसालाच तुम्ही २०१८ मध्ये आरोपीच्या शेजारी नेऊन बसवलंत. सातवा दिवस उलटला की दोघांचं हित एक होतं, दोघांनाही वाटतं हे कुणाला कळू नये. माझी आई आणि तिला लुबाडणारा माणूस यांना एकाच गुपितात बांधायचं काम आपल्या संसदेच्या कायद्यानं केलंय, आणि हे मला सहन होत नाही.

कुणी म्हणेल, कोर्टात संरक्षण आहेच. हो, थोडं आहे, मी ते नाकारत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १३२ होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३७ झालंय. साक्षीदाराला, उत्तर दिलं तर मी अडकेन असं म्हणून उत्तर टाळता येत नाही, पण सक्तीनं द्याव्या लागलेल्या उत्तरावरून त्याच्यावर खटला भरता येत नाही, खोटी साक्ष दिली तर तेवढा अपवाद. पण हे संरक्षण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मिळतं. तिथपर्यंत पोचायचं तर आधी तपास अधिकाऱ्यासमोर बसून जबाब द्यावा लागतो, आणि भीती असते ती तिथं, त्या पहिल्या खुर्चीवर. तिथं हे कलम उपयोगाचं नाही. पोलिसांपुढे स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर नाकारायचा हक्क आहे, तो आईने वापरलाच की, गप्प बसून. त्यातून न्यायाला काय मिळालं?

दुसरा रस्ता माफीच्या साक्षीदाराचा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ५ खाली विशेष न्यायाधीश तशी माफी देऊ शकतात. पण तिथंही देणं न देणं न्यायाधीशांच्या मर्जीवर, आणि आधी गुन्ह्यात सामील असल्याचं मान्य करायचं, नंतर माफी मागायची. साडेतीन हजार रुपये पिळून घेतलेल्या विधवेनं माफी कशाबद्दल मागायची?

इथं मला एक आठवण करून द्यायचीय. १० डिसेंबर २०१५ ला मुंबईतल्या विशेष न्यायालयानं डेव्हिड हेडलीला अटी घालून माफी दिली. हा तोच माणूस, ज्यानं २६/११ च्या आधी मुंबईत फिरून ठिकाणांची टेहळणी केली, ज्याला अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झालेली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यानं व्हिडिओ कॉन्फरन्सवरून साक्ष दिली. मी त्या निर्णयाविरुद्ध नाही, कट उलगडायचा तर आतल्या माणसाला बोलतं करावं लागतं हे मला पटतं. माझं म्हणणं एवढंच की हे तत्त्व आपल्या कायद्याला चांगलं ठाऊक आहे. मोठ्या गुन्ह्याचं सत्य बाहेर यावं म्हणून १६६ माणसांच्या मृत्यूला हातभार लावलेल्याला जर अभय मिळू शकतं, तर ज्या बाईनं कुणाचंही काही बिघडवलं नाही तिला ते मागायला वकिलाच्या दारात का जावं लागावं?

तिसरी तक्रार त्याच दुरुस्तीतल्या दुसऱ्या गोष्टींची आहे. साक्षीदाराचं अभय काढलं त्याच कायद्यानं अधिकाऱ्यांना नवं कलम १७अ दिलं, म्हणजे त्यांनी घेतलेल्या निर्णयांची चौकशी करायची तर आधी सरकारची परवानगी. रंगेहाथ पकडणं यात येत नाही, हे मला माहीत आहे. खटल्यासाठीची मंजुरी आता निवृत्त अधिकाऱ्यांनाही लागू झाली. प्रामाणिक अधिकाऱ्याला कुणी उगाच छळू नये म्हणून हे केलं असेल तर ठीक आहे, त्यावर वाद घालत नाही. पण एकाच कागदावर अधिकाऱ्याचं कवच जाड होतं आणि काउंटरच्या अलीकडच्या माणसाचं असलेलं कवचही जातं, हा हिशोब मला तरी जुळत नाही. मी रोज ताळेबंद करते, मला तरी हा टॅली होताना दिसत नाही.

आणि हे सगळं कुणी सुचवलं नव्हतं असंही नाही. २०११ मध्ये भारत सरकारचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनी उघडपणे मांडलं होतं की हक्काच्या कामासाठी जी लाच द्यावी लागते ती देणाऱ्यासाठी गुन्हा मानू नये, म्हणजे काम झाल्यावर तो घेणाऱ्याला पकडून द्यायला मोकळा होईल. त्यावर खूप टीका झाली, लाच देणं कायदेशीर करताय का म्हणून. मला स्वतःला ते पूर्ण पटत नाही, देणं चांगलं आहे असं मुलांना सांगायची माझी तयारी नाही. पण त्यातला गाभा खरा आहे. त्याच २०११ च्या मे महिन्यात भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारावर मंजुरीची मोहोर उठवली, त्याच्या ३७ व्या कलमात तपासाला भरीव मदत करणाऱ्याला खटल्यापासून अभय देण्याचा विचार करा असं म्हटलंय. आपण विचार केला आणि उलट्या दिशेनं गेलो.

आता, ज्यानं पैसे चारून टेंडर मिळवलं, बिगरशेती परवाना विकत घेतला, दुसऱ्याची जमीन स्वतःच्या नावावर लावून घेतली, त्याला सोडा असं मी म्हणत नाहीये. तो घेणाऱ्याचा भागीदार आहे आणि कलम ८ त्याच्यासाठी राहूच दे. खोटे आरोप होतील अशी भीती असेल तर खोट्या साक्षीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तीही राहू दे. अभय फक्त खरं बोलणाऱ्याला द्यायचं. नुसत्या एका जबाबावर कुणी अधिकारी तुरुंगात जात नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते, स्वीकार सिद्ध व्हावा लागतो.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

जुन्या कलम २४ सारखं संरक्षण परत आणा, आणि यावेळी ते आणखी स्पष्ट लिहा. हक्काच्या कामासाठी सक्तीनं लाच द्यावी लागलेल्या माणसानं तपासात किंवा कोर्टात दिलेला खरा जबाब त्याच्याविरुद्ध वापरला जाणार नाही. तपास अधिकाऱ्यासमोरचा जबाब हे शब्द त्यात हवेतच.

सात दिवसांची अट बदला. मोजायचंच असेल तर काम झाल्यापासून किंवा नाकारल्यापासून मोजा आणि निदान सहा महिने द्या. पैसे दिल्याच्या तारखेपासून मोजू नका.

एखादा अधिकारी सापळ्यात सापडला की त्याच्याकडे आधी पैसे दिलेल्यांना पुढे येण्यासाठी ठरावीक मुदत जाहीर करा, तीन महिने म्हणा, चावडीवर नोटीस लावून, दवंडी देऊन. त्या मुदतीत जो येईल त्याला जबाबाआधी लेखी द्या की तुमच्यावर खटला नाही. तोंडी आश्वासनावर गावातली बाई विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

तक्रार करणाऱ्याचं अडलेलं काम त्या कार्यालयातून काढून घेऊन वरच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या दिवसांत पूर्ण करायचं, हे कायद्यात लिहा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, मुदती आहेत, त्याला हे जोडणं अवघड नाही. त्याशिवाय कुणी पहिल्या दिवशी तक्रार करणार नाही.

आणि ही शेवटची मागणी दिल्लीत विधेयकाची वाट न बघता तुम्ही तुमच्या मतदारसंघात उद्या करून घेऊ शकता. त्या पाटीवर दोन ओळी वाढवा. सक्तीनं पैसे द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवा, आणि खाली १०६४ हा एसीबीचा नंबर मोठ्या अक्षरात. कायदा बदलेपर्यंत निदान लोकांना आहे तो तरी कळू द्या.

येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकानं जरी विचारलं की २०१८ नंतर सक्तीनं लाच दिलेल्या किती जणांनी सात दिवसांत कळवलं आणि किती जणांवर कलम ८ खाली गुन्हा दाखल झाला, तरी उत्तर पटलावर येईल. खासगी विधेयक मांडायचा हक्क तुम्हाला आहे, पक्ष कुठलाही असो. हा सत्ताधारी आणि विरोधक असा विषयच नाही, सातबाऱ्याच्या रांगेत सगळ्यांचेच मतदार उभे असतात.

ज्या काकांनी तक्रार केली त्यांची साक्ष अजून व्हायची आहे. ते एकटेच आहेत. निलंबन उठून तो माणूस दुसऱ्या ठिकाणी कामावर हजर झालाय आणि गावात कुजबुज चालू आहे की काकांनी जुन्या भांडणातून अडकवलं, बाकी कुणाकडून घेतले असते तर बोलले नसते का लोक. मागच्या महिन्यात काका आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. आईला काहीच म्हणाले नाहीत, चहा घेतला आणि गेले. ते गेल्यावर आई मला फोनवर म्हणाली, तारीख लागली की मला सांग, मी येते कोर्टात, मला बोलायचंय.

मी तिला अजून हो म्हटलेलं नाही. ते म्हणता येईल असा कायदा करा.

आपली,
वारसनोंदीसाठी साडेतीन हजार रुपये द्याव्या लागलेल्या एका शेतकरी बाईची मुलगी